अहो हाराबोजी

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ११.

संकल्प: सहा महिन्यांत कोरियन. तोंडओळख नव्हे, अस्खलित.

कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. कुश सोलमध्ये असतो. त्याची बायको सोयॉन कोरियन. माझी नात हारिन, वय साडेचार, कोरियन बोलते आणि थोडं इंग्लिश. मी कौन्सिलच्या पार्किंग विभागातून रिटायर होऊन चौदा महिने झाले, मेंदूला खाद्य हवं. एकटेपणा वगैरे हे कारण नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरांच्या सर्जरीतल्या नर्सने फॉर्म भरताना विचारलं होतं, आठवड्यात किती लोकांशी बोलता. मी 'पुष्कळ' सांगितलं. सुपरमार्केट धरलं तर पुष्कळच होतात.

पुढचा प्लॅन: जुलैपर्यंत भाषा तयार. मग दरवर्षी सहा महिने सोल, सहा महिने इथे लंडनला, पिनरमध्ये. कुशला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

हारिन हे नाव मला तेव्हाही पसंत नव्हतं. मराठीत 'मी हारीन' म्हणजे काय, हे कोरियात कोण सांगणार? माझी बायको मनीषा म्हणाली होती, हरिणीसारखं वाटतं, राहू दे. तिने नातीला फोनवरच पाहिलं. पुढच्याच वर्षी ती गेली.

७ जानेवारी, मंगळवार. रात्रीचं जेवण उरकून.

पहिला क्लास. हॅरोला लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर. अकरा विद्यार्थी, त्यांत मी एकटा पुरुष. बाकीच्या सगळ्या कोरियन सीरियल बघून आलेल्या. मीच काय तो गंभीर हेतूने आलेला. शिकवणाऱ्या मिसेस यून माझ्याच वयाच्या, बारीक चणीच्या. फळा पुसताना सुद्धा फळ्याची परवानगी घेतल्यासारख्या पुसतात.

शेजारी तनिषा म्हणून मुलगी बसली. म्हणजे बाई. फार्मसिस्ट आहे, जन्म हॅरोचा, आईवडील ठाण्याचे. माझं नाव ऐकून लगेच मराठीत: "काका, तुम्ही मराठी? सो नाइस! माझा आई पण मराठी आहे." मी म्हटलं, माझी आई. "हो हो, माझी." लगेच सुधारलं. हुशार आहे. फक्त काका का म्हणते ते कळलं नाही. बासष्ट म्हणजे काही फार नाही.

मिसेस यून म्हणाल्या, कोरियन अक्षरं हुशार माणसाला एका सकाळीत येतात. उद्याची सकाळ राखून ठेवली आहे.

८ जानेवारी.

अक्षरं आली नाहीत. सकाळी रिसायकलिंगची गाडी आली, लक्ष विचलित झालं.

१४ जानेवारी.

स्वतःची ओळख. कोरियनमध्ये नावापुढे मानाने 'शी' लावतात. मराठी माणसाने हे तोंड सरळ ठेवून शिकायचं म्हणजे कसोटी आहे. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं, मी मिलिंद-शी. वर्गात हशा. मिसेस यूननी हळूच सांगितलं की 'शी' दुसऱ्याच्या नावाला लावतात, स्वतःच्या नाही. म्हणजे मी 'मी मिलिंदराव साहेब' म्हणालो.

तसं बघितलं तर अठ्ठावीस वर्षं कौन्सिलमध्ये काढली, कोणी साहेब म्हटलं नाही. एकदा मी म्हटलं तर काय बिघडलं?

२८ जानेवारी.

आजचा धडा म्हणजे माझं घरचं मैदान. मानाची भाषा. इंग्रजांना हे कळणं शक्य नाही, त्यांच्याकडे कुत्र्यालाही 'यू' आणि राजालाही 'यू'. आपल्याकडे अरे-तुरे वेगळं, अहो-जाहो वेगळं. कोरियनमध्येही तस्संच. ढोबळ नियम असा, की वाक्याच्या शेवटी 'यो' लावलं की अहो-जाहो, 'यो' काढलं की अरे-तुरे.

मिसेस यूनना मी इंग्लिशमध्ये सांगितलं की माझा मुलगा इथे जन्मला, वाढला, तरी मला 'अहो बाबा, तुम्ही' असं म्हणतो. 'तू' म्हणाला की मी ऐकूच आलं नाही असं दाखवायचो. वाक्य पुन्हा, नीट. सहाव्या वर्षापर्यंत पक्कं झालं. पिनरमधल्या कुठल्याही मराठी घरात असा मुलगा नव्हता. मनीषाला मात्र तो शेवटपर्यंत 'ए आई' करत राहिला. तिथे शिस्त नव्हती. तासन्‌तास बडबड चालायची दोघांची.

मिसेस यून म्हणाल्या, "आय सी."

प्रभावित झालेल्या दिसल्या.

४ फेब्रुवारी.

मागच्या तासाचा नियम असा, की कोरियनमध्ये मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणतच नाहीत. नातं किंवा हुद्दा घेऊन बोलवायचं. मिसेस यूनना 'सनसेंगनिम' म्हणायचं, म्हणजे गुरुजी. मला हे पटलं नाही. एवढी सुसंस्कृत भाषा आणि तिला 'तुम्ही' नाही? घरी डिक्शनरी पालथी घातली होती, सापडलाच शब्द. तांगशिन.

आज वर्ग संपताना म्हणालो, तांगशिन फार छान शिकवता. कोपऱ्यातल्या एका मुलीचं कॉफीचं झाकण खाली पडलं. तनिषाने मान खाली घातली. मिसेस यून लाल झाल्या आणि मग त्यांनी समजावलं, की तांगशिन म्हणतात ते एक तर नवरा-बायको, नाही तर रस्त्यावर गाडी ठोकल्यावर भांडणारे दोघं.

म्हणजे एका वाक्यात मी त्यांच्याशी लग्नही केलं आणि भांडणही.

डिक्शनरी बदलायला हवी.

११ फेब्रुवारी.

आज मात्र मजा आली. नात्यांचे शब्द होते. इंग्लिशमध्ये व्याह्याला शब्दच नाही, सोयॉनच्या वडिलांबद्दल सांगायचं तर 'माझ्या मुलाच्या बायकोचे वडील' अशी आगगाडी जोडावी लागते. कोरियनमध्ये शब्द आहे! सादोन. आदराने हाक मारायची तर सादोन-ओरुन. तनिषाला सांगितलं, अगं, हा तर आपला व्याही! तिला व्याही शब्द माहीत नव्हता. तिच्या आईला मेसेज करून विचारला तिने. आईलाही आठवायला वेळ लागला म्हणे.

व्याही बुसानचे, जहाजांचे इंजिनिअर होते. आता रिटायर होऊन कुशच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहायला आलेत. लग्नात भेटलो होतो. आम्ही दोन दिवस एकमेकांकडे बघून हसलो. ती उणीव भरून काढायची आहे. माझ्या डोळ्यांसमोर चित्र आहे: सोलमधलं बाक, दोन व्याही, गप्पा.

२३ फेब्रुवारी, रविवार.

कुशचा फोन नाही. ऑफिसचं काही असेल.

वेळ फुकट घालवला नाही. न्यू मॉल्डनला गेलो, तिथे सगळी कोरियन वस्ती. एका दुकानात काउंटरवरच्या तरुण बाईंना वाकून नमस्कार केला आणि तीन वाक्यं म्हटली, शेवटी 'यो' न विसरता. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आप इंडिया से हैं?" त्या काठमांडूच्या निघाल्या. मग हिंदीत बराच वेळ बोललो. त्यांची मुलगी आजीजवळ असते, तिकडे. मागे रांग लागली तेव्हा थांबलो. मुळ्याची एक पिशवी घेतली.

आजचा कोरियनचा सराव: चार तास, प्रवास धरून.

१६ मार्च, रविवार. दुपारी १२.

आजचा दिवस सोन्याचा!

कुशने व्हिडिओ कॉल केला. हारिन समोर उभी राहिली, पोटावर हात ठेवले, कमरेत वाकली आणि म्हणाली, "आन्न्योंग हासेयो, हाराबोजी." आन्न्योंग हासेयो म्हणजे नमस्कार, हाराबोजी म्हणजे आजोबा. संपूर्ण मानाचं वाक्य! 'यो' ठळक, खणखणीत. साडेचार वर्षांची पोर!

मी उत्तर दिलं, तेही 'यो' लावून. तिने माझ्याकडे बघितलं, कुशकडे बघितलं. पुढे मी विचारलं, जेवलात का. ती म्हणाली, जेवले-यो. मग तिला खाली जायचं होतं, व्याह्यांनी पतंग केला होता. कॉल सहा मिनिटांचा झाला, पण एकेक मिनिट दर्जेदार.

कुशला म्हटलं, छान वळण लावलंयस. तो म्हणाला, "थँक्यू बाबा. तिथे हवा कसं आहे?" कशी आहे, म्हटलं. "कशी आहे." मी हवा सांगितली.

१ एप्रिल.

आणखी एक शी. ही क्रियापदाच्या पोटात घालायची. समोरची मोठी व्यक्ती आली, बसली, जेवली, की मध्ये शी. 'आले'चे 'पधारले' होतात असं समजा. स्वतःसाठी मात्र वापरायची नाही, स्वतःला उलट लहान करायचं. मिसेस यून म्हणाल्या, कोरियन बोलताना आपण एक पायरी खाली उतरायचं, म्हणजे समोरचा आपोआप वर जातो.

तत्त्व समजलं. सवय व्हायची आहे.

हारिनचं सांगितलं तनिषाला. म्हटलं, साडेचार वर्षांची पोर मला अहो-जाहो करते. तनिषा म्हणाली, "अच्छा... सीरियलमध्ये तर मुलं ग्रँडपाशी बानमालच बोलतात ना, काका?" बानमाल म्हणजे अरे-तुरे. मी म्हटलं, सीरियलमध्ये काय वाट्टेल ते दाखवतात. ती पुढे बोलली नाही. तिलाही पटलं असावं.

१३ मे.

परीक्षेचा निकाल. शंभरात चौतीस. वर्गात अकरावा, पण दोघींचे मार्क माझ्या जवळपास आहेत. शिवाय लेखी परीक्षेत उच्चार कळत नाहीत. वाचनात मी मागे आहे कारण चष्म्याचा नंबर बदललाय.

नवा संकल्प: रोज पन्नास शब्द. सकाळी सहाला उठायचं. घरात शांतता आहे, अभ्यासाला ह्याहून चांगलं काय हवं? कधी कधी फार शांत असतं, मग टीव्हीवर कोरियन सीरियल लावून ठेवतो. कानावर पडत राहतं. काल एका आजीबाईंनी कुणाला तरी जेवायला हाक मारली आणि मी सोफ्यावरून उठलो.

१ जून, रविवार.

येताहेत! ऑगस्टमध्ये. कुश, सोयॉन, हारिन, आणि सोयॉनचे आईवडीलही, त्यांना लंडन बघायचंय. आठ दिवस!

कुशची खोली सोयॉनच्या आईवडिलांना. माझी खोली कुशला. मी बॉक्सरूममध्ये. हारिन कुठेही मावेल. गादी मागवली. राइस कुकर मागवला, दहा जणांचा. लहान मिळत होता, पण व्याह्यांसमोर लहान भांडं बरं दिसत नाही.

व्याह्यांसाठी कोरियन भाषण लिहायला घेतलंय. अकरा वाक्यं. सर्वोच्च दर्जाची मानाची भाषा.

६ जुलै.

किमची घरी करतोय. व्याही चाट पडले पाहिजेत. न्यू मॉल्डनच्या त्या बाईंनी हिंदीत सांगितलेली रेसिपी. दोन मोठ्या बरण्या, घरात वास नको म्हणून शेडमध्ये ठेवल्यात.

१२ जुलै.

उन्हाळा अचानक वाढला. शेड तापली. एक बरणी फुटली. शेजारच्या ग्रॅहमला वाटलं गॅस लीक आहे, त्याने इमर्जन्सीला फोन लावला. पिवळ्या जाकिटातला माणूस यंत्र घेऊन आला, शेडचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरला. म्हणाला, सर, हे गॅस नाही, पण तुम्ही ह्याचं काहीतरी करा. चहा विचारला, थांबला. त्याची आईसुद्धा एकटी राहते, वॉटफर्डला. म्हणजे 'सुद्धा' तो म्हणाला, मी नाही.

दुसरी बरणी शाबूत आहे. मुरतेय.

१० ऑगस्ट.

थोडा बदल. सगळे पॅडिंग्टनजवळ हॉटेलात उतरले. कुश म्हणाला, हारिनला आजीशिवाय झोप लागत नाही, सोयॉनच्या आईला जिने जमत नाहीत, आणि सगळी ठिकाणं तिथून जवळ पडतात. पटण्यासारखं आहे. शनिवारी दुपारी इकडे येणार. अख्खी दुपार!

म्हटलं, मी येतो पॅडिंग्टनला. कुश म्हणाला, बाबा, रोजचा प्रोग्राम पॅक आहे, तुमची दगदग होईल.

काळजी करतो माझी.

भाषण पाठ. बॉक्सरूममध्ये झोपून बघितलं, सवय झालेली बरी. पाय थोडे बाहेर राहतात.

१६ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी ७.

झालं. सगळं व्यवस्थित पार पडलं. नीट लिहून ठेवतो.

मेट्रोपॉलिटन लाइनने दीडला आले. मी स्टेशनवर बाराला होतो. व्याही उतरताच मी कमरेत वाकलो आणि तिथेच प्लॅटफॉर्मवर भाषण सुरू केलं. सादोन-ओरुन, अशी सुरुवात. पाचव्या वाक्यापर्यंत उत्तम. पुढे कुठेतरी ती मधली शी इकडची तिकडे गेली असावी, कारण सोयॉनने तोंडावर हात धरला. कुशने नंतर सांगितलं, मी म्हणालो होतो, 'मी स्वतः स्टेशनावर पधारलो आहे, तू माझ्या घरी ये.' व्याही मात्र शेवटपर्यंत ताठ उभे राहून ऐकत होते. मग वाकले आणि स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाले, "थँक यू. युअर कोरियन इज व्हेरी हाय." साउथॅम्प्टनला तीन वर्षं काढली आहेत त्यांनी, जहाजावर असताना. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

जेवण ठीक झालं. किमची व्याह्यांनी चाखली, डोळे मिटले आणि बराच वेळ पाणी प्यायले.

हारिन. फोनवर दिसते त्याहून लहान आहे. दारात पुन्हा तेच, हात पोटावर, कमरेत वाकून आन्न्योंग हासेयो. घरात फिरताना प्रत्येक गोष्टीला विचारत होती, हात लावू का-यो, इथे बसू का-यो. आणि त्या आजोबांशी मात्र निव्वळ धिंगाणा. त्यांच्या पाठीवर चढते, कान ओढते, "हाराबोजी, इगो ब्वा!" म्हणजे हे बघ. 'बघा' नाही, 'बघ'. बागेत गोगलगाय सापडली तेव्हा त्यांना "इगो ब्वा" असं ओरडली, आणि ती हातावर घेऊन माझ्याजवळ आली तेव्हा पाय जुळवून "इगो बोसेयो." हे बघावं. मी बघितली. तिने थँक्यू म्हटलं आणि गेली.

स्वयंपाकघरात कुशला म्हणालो, पोरीला समज किती बघ! व्याह्यांनी लाडावून ठेवलीय, अरे-तुरे करते त्यांना, पण माझ्याशी कशी अदबीने वागते.

कुश कप विसळत होता. म्हणाला, "मीच सांगितलंय तिला, बाबा. पिनरच्या हाराबोजीशी यो लावायचं. विसरायचं नाही."

शाब्बास, म्हटलं.

त्याने पुढचा कप नळाखाली धरला. मग म्हणाला, "तिला ओरडा बसायला नको म्हणून. मला लहानपणी तुमचा खूप भीती वाटायचा."

मी म्हटलं, तुमची. भीती स्त्रीलिंगी. वाटायची.

"वाटायची," तो म्हणाला. नळ बंद केला, ट्रे उचलला आणि बागेत गेला.

मराठी चांगलं टिकवलंय त्याने. सुधारलं की लगेच घेतो.

साडेचारला निघाले. हारिन पेंगुळली होती, व्याह्यांच्या खांद्यावर. सहा महिने सोलला येण्याचा प्लॅन सांगायचा राहून गेला. तशी वेळ आली नाही.

१८ ऑगस्ट.

विमान आज होतं. कुशचा मेसेज, 'लँड झाल्यावर फोन करतो.' राइस कुकरमध्ये एका माणसाचा भात नीट होत नाही, खाली लागतो.

२४ ऑगस्ट.

लँड झाले असतील.

२ सप्टेंबर.

रोज पन्नास शब्दांचा संकल्प होता तो पंधरावर आणला. ग्रहणशक्ती महत्त्वाची, संख्या नाही.

कुशचं त्या शनिवारचं वाक्य डोक्यात राहिलंय. भीती वाटायची. कशाची? मी कधी हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. फक्त वाक्य बरोबर होईपर्यंत उत्तर द्यायचो नाही. एकदा तो शाळेतून आला, काहीतरी भरभरून सांगत होता, कोणीतरी ढकललं की काय, त्यात दोनदा 'तू' आलं. मी पेपर वाचत राहिलो. तिसऱ्यांदा सांगण्याऐवजी तो आत मनीषाकडे गेला. काय झालं होतं ते मला रात्री तिच्याकडून कळलं. गुडघा फुटला होता.

पण भाषा टिकली.

१६ सप्टेंबर, मंगळवार.

क्लास पुन्हा सुरू. सहाच जण उरलो. वर्ग सुटल्यावर मिसेस यून आणि मी बसस्टॉपपर्यंत बरोबर चाललो. त्यांनी विचारलं, नातीशी बोलायला जमलं का. मी सगळं सांगितलं. 'इगो ब्वा' आणि 'इगो बोसेयो', फरकासकट. म्हटलं, बघा, एकाच घरात एवढी जाण.

त्या चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, मिस्टर मिलिंद, माझा नातू सात वर्षांचा आहे. माझ्याशी बानमाल बोलतो, नेहमी. फक्त माझ्यावर रुसला की 'यो' लावतो. त्या दिवशी मला जेवण जात नाही.

मी म्हटलं, घराघराची पद्धत वेगळी.

"येस," त्या म्हणाल्या. "पण मूल 'यो' कोणाला लावतं? टीचरला. डॉक्टरला. लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला."

त्यांची बस आली. त्यांना वाटलं असेल मी दुखावलो, म्हणून चढताना त्या दोनदा मागे वळून वाकल्या.

मी दुखावलो नाही. माहिती म्हणून चांगली होती. लिफ्ट म्हणायला नको होतं.

२३ सप्टेंबर.

क्लासला गेलो नाही. सर्दी.

२५ सप्टेंबर.

तनिषाचा मेसेज: 'काका तुम्ही बरा आहात ना?' मी लिहिलं, बरे. मग वाटलं, पोरीने विचारपूस केली आणि आपण काय लिहिलं? खोडून लिहिलं, बरा आहे. तेही व्याकरणाने बरोबरच आहे म्हणा.

नंतर तिला विचारलं, 'तू माझ्याशी अरे-तुरे केलंस तरी चालेल' हे कोरियनमध्ये कसं सांगायचं. एका सीरियलमधलं वाक्य तिने लगेच पाठवलं. 'नाहान्ते बानमाल हेदो द्वे.' पुढे लिहिलं, ह्यात यो लावायचं नाही हां काका, बी केअरफुल.

नवा संकल्प. हा शेवटचा, कारण सोपा आहे. एकच वाक्य पाठ करायचं.

२८ सप्टेंबर, रविवार.

कुशला मीच फोन केला. म्हटलं, हारिनला सांग, 'यो' वगैरे काही नको. व्याह्यांशी बोलते तसं बोल म्हणावं. तो मग म्हणाला, "का, बाबा? ती काय चुकली?" नाही रे, चुकली नाही, म्हटलं. "मग ठीक आहे ना," तो म्हणाला. मी म्हटलं, तूही. म्हणजे तुलाही हवं तर. तो हसला, जरा अवघडल्यासारखा. म्हणाला, "बाबा, आता नाही जमणार. थर्टी-थ्री इयर्स झाले." मी 'झाली' म्हटलं नाही. जिभेवर होतं.

पुढच्या रविवारी सगळे व्याह्यांकडे जमणार आहेत, त्यांचा मोठा सण आहे. तेव्हा कॉल करतो म्हणाला.

आठवडाभर सराव. बाथरूममध्ये, बागेत, ग्रॅहमच्या मांजरासमोर. मांजराने काही हरकत घेतली नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी १.

अकराला कॉल आला. तिकडे संध्याकाळचे सात. मागे ताटांचा आवाज, पाच-सहा माणसं एकदम बोलत होती, व्याही कोणाला तरी हसून हाका मारत होते. कुशने फोन धरला. हारिन कसल्याशा गुलाबी रेशमी पोशाखात आली, हात पोटावर ठेवले, वाकली. आन्न्योंग हासेयो, हाराबोजी.

मी उत्तर दिलं, 'यो' न लावता. मग चष्मा काढून, कारण कागद बघायचा नव्हता, ते वाक्य म्हटलं. नाहान्ते बानमाल हेदो द्वे. एकही चूक नाही. मागे सोयॉनने मान वर करून बघितलं. नऊ महिन्यांत माझं एकही वाक्य इतकं बिनचूक आलं नव्हतं.

हारिनला ते स्वच्छ कळलं. तिने विचार केला. मग अगदी अदबीने म्हणाली:

"वेयो?"

'वे' म्हणजे का. 'यो' म्हणजे यो.

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, हात पोटावरच. मी कोरियनमध्ये शोधलं, शब्द नव्हते. मग इंग्लिशमध्ये शोधलं. मराठीतही सापडलं नाही. कुश म्हणाला, "बाबा, सगळे जेवायला थांबलेत." मी म्हटलं, हो, हो, जा तुम्ही. तिने वाकून निरोप घेतला.

कॉल चार मिनिटांचा झाला.